होमर शिकवावा कोणी? : आरंभीचे ख्रिस्ती आणि रोमन साम्राज्याची शाळा

आरंभीचे ख्रिस्ती आणि रोमन साम्राज्य यांच्या संबंधांचा विषय निघाला की बहुतेकांच्या मनासमोर दोनच चित्रे उभी राहतात. एक, भरल्या प्रेक्षागारात हिंस्र श्वापदांपुढे उभ्या राहिलेल्या हुतात्म्यांचे. आणि दुसरे, शहराखालच्या भुयारांत लपूनछपून उपासना करणाऱ्या भाविकांचे. पहिले चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. इ.स. ६४ मध्ये नीरोने रोममध्ये केलेला छळ, २५० मध्ये डेसियसने साम्राज्यभर सर्वांवर लादलेली यज्ञाची सक्ती आणि ३०३ पासून डायोक्लेशियनच्या काळात झालेला मोठा छळ या घटना निर्विवाद आहेत. मात्र त्यांच्या दरम्यानच्या दीर्घ काळात जे काही घडले ते बहुतांशी स्थानिक आणि तात्कालिक होते. दुसरे चित्र तर मुख्यतः नंतरच्या कल्पनेने रंगविलेले आहे. रोमची ती भुयारे ही दफनभूमी होती. लपण्याची वस्ती नव्हे.

मग उरलेल्या दिवसांत हे लोक कोठे होते? उत्तर साधे आहे: इतर सर्वांबरोबर, त्याच गल्ल्यांत, त्याच बाजारांत, त्याच स्नानगृहांत. आणि त्यांची मुले त्याच शाळांत होती. या शेवटच्या जागेकडे इतिहासाच्या सर्वसाधारण पुस्तकांत फारसे लक्ष दिले जात नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र ते द्यायला हवे असे आम्हांला वाटते. कारण ख्रिस्ती माणसाने साम्राज्याच्या समाजात किती मिसळायचे, या प्रश्नाचे सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत दूरगामी उत्तर शोधले गेले ते वर्गात, होमर आणि व्हर्जिल यांच्या पोथ्यांसमोर.

मूळ पेच कोणता होता ते आधी पाहू. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनिया-पाँटस प्रांताचा राज्यपाल धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ख्रिस्ती असल्याचा आरोप आलेल्यांची त्याने चौकशी केली, दोन दासींना यातना देऊन माहिती काढली आणि हाती लागले ते इतकेच की हे लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात आणि पुन्हा एकत्र जमून साधे अन्न खातात. गुन्हा म्हणावा असे काही सापडले नाही. तरीही ज्यांनी तीनदा विचारूनही माघार घेतली नाही त्यांना त्याने मृत्युदंड दिला. सुटण्याचा मार्ग सोपा होता: देवांचे नाव घ्यायचे, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य वाहायचे आणि ख्रिस्ताची निंदा करायची. ट्रेजनचे उत्तर व्यवहारी आहे. यांना हुडकत फिरू नका, निनावी तक्रारी स्वीकारू नका. पण आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करा आणि जो देवांची पूजा करून दाखवील त्याला सोडून द्या.

या पत्रव्यवहारावरून एक गोष्ट ध्यानात येते. साम्राज्याला कोणाच्या अंतःकरणातील श्रद्धेशी फारसे कर्तव्य नव्हते. त्याला हवी होती ती एक कृती. आणि अशा कृती केवळ न्यायासनापुढे नव्हे, तर जीवनाच्या प्रत्येक व्यवहारात विणलेल्या होत्या. बाजारातले मांस देवळातल्या बळीचे असू शकत असे. करंथ येथील मंडळीला पौलाने पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या पत्रात यावर सविस्तर चर्चा आहे. सैनिकाचे निशाण, व्यापाऱ्याची शपथ, मेजवानीतले मद्यार्पण या सर्वांत देव होते. मग शाळेत ते कसे नसतील?

रोमन शाळा म्हणजे काय हे येथे थोडे सांगावयास हवे. मूल आधी अक्षरे गिरवी, मग शब्दांच्या याद्या उतरवी. पुढे व्याकरणाच्या गुरूकडे काव्यवाचन सुरू होई: ग्रीक भागात होमर, युरिपिडीस, मिनँडर, लॅटिन भागात व्हर्जिल, टेरेन्स. त्यापुढची पायरी वक्तृत्वाची. राज्यकारभार, वकिली, नगरसभा यांतील प्रत्येक मानाची जागा या पायऱ्या चढूनच मिळे. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या देवाने कोणावर कोप केला, कोणती देवी कोणाच्या बाजूने लढली हे सारे काव्यार्थाचाच भाग म्हणून शिकवले जाई. देवांच्या वंशावळी घोकल्यावाचून ‘इलियड’ समजणार कसे?

आणि तरीही ख्रिस्ती समाजाने पहिली तीनशे वर्षे ग्रीक-लॅटिन नगरांत अक्षरओळखीच्या आणि व्याकरणाच्या स्वतःच्या वेगळ्या शाळा उभारल्या नाहीत. बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना धर्मशिक्षण दिले जाई, परंतु ते शालेय शिक्षण नव्हते. एरवी अनेक बाबतींत वेगळेपण जपणाऱ्या या समाजाने मुलांना मात्र जुन्या देवांच्या शाळेत पाठविले. दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या टप्प्यात ख्रिस्ती धर्मावर टीका करणाऱ्या केल्ससची तक्रार या दृष्टीने बोलकी आहे. लोकर विंचरणारे, चांभार, धोबी असले लोक घरातल्या मुलांना एकांतात गाठतात आणि बापाचे व शिक्षकाचे ऐकू नका असे शिकवतात, असे तो म्हणतो. यातील तुच्छता बाजूला ठेवली तर एक सामाजिक वास्तव दिसते. ख्रिस्ती शिकवण घरात आणि कारागिराच्या दुकानात होती. शाळा अजून दुसऱ्या बाजूची होती. मुलाला दोन्हीकडे जावे लागे.

हा ताण सर्वांत स्पष्टपणे मांडला तो कार्थेजच्या टर्टुलियनने. तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर मूर्तिपूजेविषयी लिहिलेल्या ग्रंथात तो एकेक व्यवसाय तपासतो आणि शिक्षकापाशी येऊन थांबतो. शिक्षकाला देवांची नावे, वंशावळी आणि बिरुदे सांगावी लागतात. नव्या विद्यार्थ्याची पहिली दक्षिणा मिनर्व्हा देवीच्या नावे जाते. देवांचे सण पाळावेच लागतात, कारण मानधनाचे हिशेब त्या सणांशी जोडलेले आहेत. शाळेला फुलांच्या माळा चढतात. म्हणून ख्रिस्ती माणसाने हा व्यवसाय करू नये, असा त्याचा निष्कर्ष. पण लगेच त्याच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो. शिक्षणच नाकारले तर पवित्र ग्रंथ वाचणार कोण आणि कसे? त्याने काढलेला तोडगा विलक्षण आहे. ख्रिस्ती मुलाने शिकावे, ख्रिस्ती माणसाने शिकवू नये. विद्यार्थी जे ऐकतो ते नाकारू शकतो. शिक्षक जे उच्चारतो त्याची ग्वाही देतो.

वाचकांनी हा भेद लक्षात ठेवावा, कारण दीडशे वर्षांनी तो अगदी अनपेक्षित तोंडून पुन्हा ऐकू येणार आहे.

टर्टुलियन स्वतः वक्तृत्वाच्या उत्तम शिक्षणाचे अपत्य होता. शाळेवरचा त्याचा हल्ला शाळेने दिलेल्या शस्त्रांनीच केलेला आहे. इतरांना इतके कठोर होणे परवडणारे नव्हते. हिप्पोलिटसच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या तिसऱ्या शतकातील एका नियमग्रंथात ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्यांच्या व्यवसायांची यादी आहे. मूर्तिकाराने मूर्ती घडवणे सोडावे, नटाने रंगभूमी सोडावी, नाहीतर त्यांना परत पाठवावे. मुलांना शिकवणाऱ्याने मात्र ते सोडलेले बरे. पण दुसरा उद्योग येत नसेल तर त्याला परवानगी असावी. एवढ्या कडक यादीत ही एक सवलत! पोटाची अडचण नियमापर्यंत पोचली ती बहुधा शिक्षकाच्याच रूपाने.

ही अडचण काय असते हे ओरिजेनच्या तरुणपणात दिसते. इ.स. २०२ च्या सुमारास अलेक्झांड्रियात त्याचे वडील लिओनिडीस यांचा शिरच्छेद झाला आणि मालमत्ता जप्त झाली. ओरिजेन तेव्हा सतरा वर्षांचाही नव्हता; मागे आई आणि सहा धाकटे भाऊ. चरित्रकार युसेबियस सांगतो की, त्याने उदरनिर्वाहासाठी व्याकरणाची शिकवणी सुरू केली. ज्या राजवटीने बापाला मारले तिच्याच शाळेची विद्या या मुलाच्या कामी आली. पुढे धर्मशिक्षणाची जबाबदारी अंगावर आल्यावर त्याने व्याकरण शिकवणे बंद केले आणि आपल्याजवळच्या जुन्या ग्रंथांचा संग्रह रोज चार ओबोलच्या मोबदल्यात देऊन टाकला. परंतु गोष्ट येथे संपत नाही. नंतरच्या आयुष्यात हाच ओरिजेन विद्यार्थ्यांना भूमिती आणि तत्त्वज्ञान यांची तयारी करून घ्यायला सांगताना दिसतो, आणि बायबलच्या पाठांची तुलना करताना त्याने वापरलेली पद्धत ही अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी होमरच्या पाठचिकित्सेसाठी घडविलेल्या पद्धतीचीच पुढची पायरी होती. पुस्तके विकता आली, वाचण्याची रीत विकता आली नाही.

चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्र पालटले. इ.स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती; आता राजघराणेच ख्रिस्ती होते. इजिप्तमध्ये सापडलेल्या चौथ्या शतकातील एका ग्रीक शालेय वहीत पानाच्या माथ्यावर ख्रिस्ताचे चिन्ह आहे आणि खाली पुराणकथांतील नावांची यादी, डायोजिनीसचे किस्से, मिनँडरची सुभाषिते. पाटीवर श्री काढून खाली काहीही लिहावे तसा हा प्रकार. कोणाला त्यात विसंगती वाटली असावी असे ती वही पाहून वाटत नाही. मोठ्या शहरांतही हेच. अथेन्समधील वक्तृत्वाचा सर्वांत नामांकित आचार्य प्रोहेरेसियस हा ख्रिस्ती होता. जुन्या देवांचा कट्टर भक्त असलेला त्याचा विद्यार्थी युनेपियस त्याच्याविषयी भक्तिभावाने लिहितो. रोममध्ये मारिउस व्हिक्टोरिनस उतारवयात ख्रिस्ती झाला तेव्हा तो अध्यापनाच्या आसनावर होता आणि शहरात त्याचा पुतळा उभा होता.

अशा वेळी इ.स. ३६१ मध्ये ज्युलियन सम्राट झाला. कॉन्स्टंटाइनचा हा पुतण्या ख्रिस्ती म्हणून वाढला होता, पण मार्डोनियस नावाच्या गुरूने त्याला लहानपणीच होमरचे वेड लावले होते. पुढे त्याने उघडपणे जुन्या देवांचा स्वीकार केला. १७ जून ३६२ च्या कायद्यान्वये शिक्षकांची नेमणूक चारित्र्य पाहून आणि नगरसभेच्या संमतीने व्हावी असे त्याने ठरविले. हेतू काय होता ते त्याच्या एका पत्रात उलगडते. होमर, हेसिअड, थ्युसिडिडीस, डिमॉस्थिनीस यांना देवच विद्येचे दाते वाटत होते. त्यांचे ग्रंथ शिकवून पोट भरणाऱ्यांनी त्यांच्याच देवांचा अवमान करावा हा अप्रामाणिकपणा आहे, असे त्याचे म्हणणे. मनात एक आणि ओठांवर दुसरे असणाऱ्याने मुलांना शिकवू नये. पटत नसेल तर चर्चमध्ये जावे आणि मत्तय व लूक यांचे विवरण करावे. मुलांना मात्र शाळेत येण्यास बंदी नाही; अजाण मुलांना दूर लोटण्यापेक्षा शिकवून शहाणे करावे.

विद्यार्थ्याने शिकावे, शिक्षकाने शिकवू नये. टर्टुलियनचाच निर्णय, शब्दशः उलट्या दिशेने! एक ख्रिस्ताचा कडवा पक्षपाती, दुसरा ख्रिस्ती धर्म सोडून गेलेला सम्राट. परंतु साहित्य कोणाचे, या प्रश्नावर दोघांचे एकमत आहे. साहित्य हे त्यातील देवांचे असते, म्हणून ते शिकवण्याचा अधिकार त्या देवांवर श्रद्धा असणाऱ्याचा. येथे ज्युलियनचा उपहास करणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. होमर ही नुसती भाषेची कसरत नाही, त्यात जगण्याचा आधार आहे असे मानणाऱ्या माणसाचा तो आक्रोश होता. शिक्षकाने शिकवत असलेल्या ग्रंथाशी प्रामाणिक असावे, ही मागणी कोणता शिक्षक नाकारील? प्रश्न एवढाच की प्रामाणिकपणा म्हणजे श्रद्धाच का?

सम्राटाविषयी आदर असणारा आणि स्वतः ख्रिस्ती नसलेला इतिहासकार अम्मियानस मार्सेलिनस यानेही हा निर्णय निर्दय म्हणून धिक्कारला. व्हिक्टोरिनसने अध्यापन सोडले. प्रोहेरेसियसला सम्राटाने सूट देऊ केली होती, तरी त्यानेही पद सोडले अशी जेरोमच्या कालवृत्तात नोंद आहे.

काहींनी दुसरा मार्ग काढला. सिरियातील लाओडिकेआ येथे अपोलिनारिस नावाचे बापलेक होते. बाप व्याकरणाचा शिक्षक, मुलगा वक्तृत्वाचा. याआधी एका जुन्या देवांच्या उपासक वक्त्याशी स्नेह ठेवल्याबद्दल त्यांच्या बिशपने त्यांना बहिष्कृत केले होते. आता सम्राटाने दुसरे दार बंद केले. इतिहासकार सोक्रेटिस सांगतो की, बापाने मोशेचे ग्रंथ होमरच्या वृत्तात आणि इतर भाग नाट्यरूपात रचले, तर मुलाने शुभवर्तमानांना प्लेटोच्या संवादांचे रूप दिले. ग्रीक साहित्याचे सर्व प्रकार ख्रिस्ती आशयाने भरून काढायचे, म्हणजे होमरवाचून अडणार नाही! ज्युलियन ३६३ मध्ये युद्धात मरण पावला, ३६४ च्या जानेवारीत कायदा मागे घेतला गेला, आणि हे सारे लेखन अडगळीत गेले. स्वतः ख्रिस्ती असलेला सोक्रेटिस कोरडेपणाने नोंदवतो की, ते जणू लिहिलेच गेले नव्हते अशी त्याची गत झाली. लोक पुन्हा होमरकडे वळले.

मराठीच्या अभ्यासकाला येथे फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची (१६१६) आणि रेव्हरंड टिळकांच्या, पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केलेल्या ‘ख्रिस्तायना’ची आठवण होणे साहजिक आहे. तेथेही ख्रिस्ती आशय आणि परंपरेतला ओवीबंध यांचा मेळ आहे. पण फरक महत्त्वाचा आहे. लाओडिकेआची रचना बंदीच्या काळातली सोय होती, मूळ ग्रंथाला पर्याय म्हणून केलेली. ओवीकडे वळलेल्या या कवींना ती भाषा आणि तो छंद हवासा वाटला होता. परक्या घाटावर पाणी भरणे आणि विहीर बंद झाली म्हणून खड्डा खणणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

ज्युलियनला तात्त्विक उत्तर दिले ते नाझियान्झसच्या ग्रेगरीने, सम्राटाच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या जळजळीत भाषणात. ग्रेगरी आणि त्याचा मित्र बेसिल हे अथेन्समध्ये ज्युलियनच्याच काळात शिकलेले. ग्रेगरीचा मुद्दा असा: ग्रीक भाषा ग्रीक बोलणाऱ्यांची आहे की ग्रीक देवांना भजणाऱ्यांची? अक्षरे फिनिशियनांकडून आली म्हणतात. मग ती त्यांनाच परत करायची काय? भाषणाचा सूर पुष्कळदा द्वेषाने माखलेला आहे, पण हा प्रश्न त्या द्वेषापलीकडे टिकला. भाषा आणि वाङ्मय यांवर कोणत्याही एका पंथाची मालकी नसते, हे तत्त्व येथे आम्हांला प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडलेले दिसते.

बेसिलने ते शिकवण्याच्या व्यवहारात आणले. ग्रीक वाङ्मयाचा लाभ कसा घ्यावा यावर तरुणांसाठी लिहिलेल्या छोट्या ग्रंथात तो मधमाशीचा दाखला देतो: ती सगळ्या फुलांवर बसत नाही आणि ज्यावर बसते त्याचेही सगळेच उचलत नाही. आजच्या वाचकाला हा दृष्टिकोन बोधवादी वाटेल आणि तो तसा आहेच. कवितेतून सद्गुण तेवढा वेचून घ्यावा हे आपण मान्य करणार नाही. पण त्याने एक दार उघडे ठेवले. पंधराव्या शतकाच्या आरंभी इटलीत लिओनार्दो ब्रुनीने या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले, आणि ग्रीक वाङ्मयाकडे पुन्हा वळू पाहणाऱ्यांना तेच मोठे प्रशस्तिपत्र ठरले.

ही तडजोड सुखाची नव्हती. तापाच्या ग्लानीत आपण परमेश्वरी न्यायासनापुढे उभे असून, तू ख्रिस्ताचा नव्हे, सिसेरोचा अनुयायी आहेस असा आरोप आपल्यावर ठेवला जात आहे, असे स्वप्न जेरोमने एका पत्रात वर्णिले आहे. पुढे तोच बेथलेहेममध्ये मुलांना व्हर्जिल शिकवतो म्हणून त्याच्या जुन्या मित्राने, रुफिनसने, त्याला धारेवर धरले. ऑगस्टीनला आपण लहानपणी डायडोसाठी रडलो याची लाज वाटते, आणि ती लाज सांगताना त्याचे गद्य व्हर्जिलच्या लयीतच वाहते. इ.स. ३८६ मध्ये मिलानचे प्राध्यापकपद सोडताना तो द्राक्षांच्या हंगामाच्या सुटीपर्यंत थांबला, गाजावाजा होऊ नये म्हणून. शिक्षकी पेशातील माणसाला हा बारकावा ओळखीचा वाटेल.

या कथेचा शेवट मात्र विजयगाथेचा नाही. इ.स. ५२९ च्या सुमारास सम्राट जस्टिनियनने जुन्या देवांच्या उपासकांना अध्यापनाची बंदी केली आणि अथेन्समधील तत्त्वज्ञानाचे पीठ बंद पडले. ज्युलियनचाच कायदा, पुन्हा उलटा. ज्यांनी ३६२ मध्ये त्या न्यायाचा चटका सोसला त्यांच्याच वारसांनी सत्ता हाती येताच तो दुसऱ्यांना लावला. छळ सोसल्याने कोणी आपोआप उदार होत नाही, हे इतिहासाचे जुने आणि कडू सत्य येथेही दिसते.

म्हणूनच या तीन-चार शतकांकडे पाहताना आम्हांला हुतात्म्यांइतकेच त्या निनावी शिक्षकांचे मोल वाटते, ज्यांना ‘दुसरा उद्योग येत नव्हता’. त्यांनी कोणताही सिद्धांत मांडला नाही. सकाळी उठून ज्या देवांवर आपला विश्वास नाही त्यांच्या वंशावळी मुलांकडून म्हणवून घेतल्या, होमरमधला कठीण शब्द फोडून सांगितला आणि रविवारी उपासनेला गेले. टर्टुलियनच्या लेखी ते मूर्तिपूजक, ज्युलियनच्या लेखी अप्रामाणिक. तरी त्यांच्या त्या रोजच्या, काहीशा अपराधी कामातूनच ग्रंथ वाचण्याची एक तिसरी रीत घडली: ग्रंथासमोर नतमस्तक न होता आणि त्याला जाळूनही न टाकता, त्याचे म्हणणे पूर्णपणे ऐकून घेण्याची.

आपल्या वर्गांतही ‘ज्ञानेश्वरी’, ‘लीळाचरित्र’, शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ आणि ‘ख्रिस्तपुराण’ हे ग्रंथ शिकवणारा प्रत्येक जण त्या त्या पंथाचा असतोच असे नाही. तुम्हांला हे शिकवण्याचा अधिकार काय, हा प्रश्न त्याला कोणी आदराच्या पोटी विचारील, कोणी रागाच्या पोटी. त्याला घाईने उत्तर देण्यापूर्वी कार्थेज आणि अथेन्स येथे याच प्रश्नाचे काय झाले होते, हे त्याच्या गाठीशी असलेले बरे.